तांदळातलं नाव

लग्नाची जीप धुळ्याहून जळगावला निघाली तेव्हा आई इतकी रडली, की पांझरेला भर मे महिन्यात पूर आला. धुळेकर नाही म्हणतील. त्यांचं ऐकू नका. "कागद धाडत जाय," एवढंच ती म्हणाली.

पण कागदाखाली नाव कुणाचं घालायचं? घटकाभरापूर्वीच मांडवात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'वैशाली' लिहिलं होतं. नाव सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, निवडलेलं. सिंधू पारोळ्यापर्यंत तरी जीपमध्ये होती. जळगावला उतरली ती वैशाली.

वर्षभरात रेशनकार्डही वैशालीचं झालं. मग त्या तांदळांवर मी चोरून एक लेख लिहिला, खाली 'सिंधू' घातलं आणि दिवाळी अंकाला पाठवला. पत्ता सासरचाच दिला, काय ती अक्कल! पुढे तीन महिने सायकलची घंटी वाजली की माझी भाकरी तव्याऐवजी जमिनीवर पडायची. अंक आला तर घरात बोभाटा. परत गेला तर सिंधू कायमची संपली.

आला, तोही रजिस्टरने.

"सिंधू कोण?" पोस्टमनने दारातून विचारलं.

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. "मीच."

"पुरावा?"

मी रेशनकार्ड दाखवलं. वैशाली. तो पाकीट पिशवीत परत घालू लागला. माझ्या काळजाची धडधड भुसावळपर्यंत ऐकू गेली असेल.

ओट्यावर तूरडाळ निवडणाऱ्या अक्कांनी सूप खाली ठेवलं. "हाई सिंधूच शे. मीच तिनं नाव बदलं, माले म्हाइत नही का?"

पाकीट मिळालं. अक्कांना वाचता येत नव्हतं. "वाच," म्हणाल्या. मी वाचलं, मांडवाचा भाग गाळून.

"आनि तांदूळ?" त्यांनी विचारलं.

तेही वाचलं. त्या पुन्हा सूप घेऊन बसल्या, पण त्या दिवसापासून चौघांत वैशाली आणि आम्ही दोघीच असलो की सिंधू.

आता आम्ही भुसावळजवळ, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत असतो. अक्का नावं विसरू लागल्यात. पोटच्या मुलालाच वडील समजून 'आबा' म्हणतात. धुळ्याहून माहेरचे विचारतात, घरी कधी येतेस? काय सांगू? रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी अक्कांच्या खोलीच्या दाराशी थबकते. कालपर्यंत तरी त्यांनी मान वर करून 'सिंधू' म्हटलं. तेवढ्यापुरती मी घरी असते.