बसून खाणारा मापक

रोज सकाळी सात वाजता सावळाराम शाळेच्या गच्चीवर चढायचा, मापकाच्या काचेच्या टोपीवरचं दव मऊ फडक्याने टिपायचा आणि दोन पावलं मागे सरून, नवरदेव न्याहाळावा तसा त्याला न्याहाळायचा.

किन्हवलीच्या या शाळेत तो शिपाई. मापक उन्हातले कातडी करपवणारे अतिनील किरण मोजायचा. आकाशातून जाणारा उपग्रहही तेच मोजायचा, आणि पुण्याच्या वेधशाळेची माणसं दोघांचे आकडे ताडून पाहायची. हुबेहूब तसाच दुसरा मापक पेटीत बंद असे. महिन्यातून एकदा, फक्त दहा मिनिटं, त्याला पहिल्याशेजारी उन्हात ठेवायचं.

असं का, हे ती माणसं सांगत होती तेव्हा सावळाराम चहा आणायला गेला होता. त्याला दिसलं ते एवढंच, की एक भाऊ राबतो आणि दुसरा बसून खातो. त्याने पाळ्या लावल्या. एक दिवस थोरला उन्हात, एक दिवस धाकटा.

"मशीनला सुट्टी," त्याची बायको सुंदरा म्हणाली. "मला कधी दिलीत वो तुमी?"

"तू मावशील का पेटीत?"

दोन वर्षांनी पुण्याहून दर्शना मॅडम आल्या. "दोन्ही मापक एकच आकडा सांगतात, उपग्रह मात्र जास्त सांगतो. आम्ही उपग्रहालाच खोटं पाडायला निघालो होतो. तुम्ही इथे नेमकं काय करता, काका?"

सावळारामने छाती काढून सांगितलं. मॅडम कठड्यावर बसल्याच.

"काका, ऊन मोजता मोजता मापकाची नजर मंदावते. किती मंदावली, हे कळायला ताज्या डोळ्यांचा एक राखून ठेवतात. तुम्ही दोघांनाही सारखंच अधू केलंत. आता हे काम मुरबाडच्या शाळेला द्यावं लागणार."

सावळारामने खिशातलं फडकं चाचपलं. मुरबाडला काच पुसणार कोण, आणि कसल्या फडक्याने?

"कुणाची पाळी कधी होती, आठवतं तरी का?" मॅडमनी विचारलं.

"आठवायचं कशाला? लिवलाय."

जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीने दोन वर्षांच्या तारखा होत्या. मधेच एक शेरा: 'धाकटा पावसामुळे अर्धाच दिवस. उद्या भरून घेणे.'

मॅडम हसू दाबत फोटो काढत राहिल्या. कुणी किती ऊन खाल्लं ते आता काढता येणार होतं, आणि त्यावरून सगळे आकडे दुरुस्त करता येणार होते.

"नवी जोडी इथेच पाठवते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पेटीला लाखेचं सील असेल."

सावळारामने मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"जेवून जा, मॅडम. शहापूरची एसटी दोनशिवाय नाय."