थांबली की तापणारी जीप

सकाळी साडेसातला कुपवाडच्या कारखान्यांमधून जीप बाहेर काढली, तेव्हा आठच्या पाळीची माणसं दुचाक्यांवरून आत येत होती. मी एकटीच उलट्या दिशेने निघाले होते. म्हसवडच्या अलीकडे, माळावर आमचं गाव आहे. तिथे मला दुपारी चारच्या आत पोचायचं होतं. रस्ता तसा चार तासांचा, पण मला कुठेही जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासूनच मी घड्याळ बघायला लागते. माझा स्वभावच तसा आहे, त्याला माझा इलाज नाही.

धाकटा भाऊ सुरेश चोवीस वर्षं फौजेत काढून, हवालदार होऊन घरी आला होता. आमच्या भागात फौजी निवृत्त झाला की गाव त्याला उघड्या गाडीत उभं करून वेशीपासून घरापर्यंत वाजतगाजत नेतं आणि वाटेतल्या प्रत्येक दारात बायका त्याला ओवाळतात. वडील गेल्यापासून त्यांची जुनी जीप माझ्याकडे असते. तीच रंगवून आणायची, असं आईने बजावलं होतं. "त्येंच्याच गाडीतनं आणायचा त्येला, आन् मी म्होरं बसणार," ती म्हणाली होती. गावाने ट्रॅक्टर सुचवला होता, पण ट्रॉलीवर चढणं आईच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणजे जीप पोचली नाही, तर आई मिरवणुकीत नाही.

तासगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर कर्कश गाणी, आणि पुढे कुणाचं तरी चाक बसलेलं. पाच मिनिटं थांबले असेन, तोच तापमानाचा काटा मधून वर सरकायला लागला. तो लाल पट्ट्याला टेकला. एवढ्यात रांग हलली. गाडीने वेग घेतला, वारा लागला आणि काटा निमूटपणे खाली आला. योगायोग असेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

विट्याच्या चौकात गाडीने त्या समजुतीची हौस फेडली. सिग्नल नव्हता, नुसतीच कोंडी होती. बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली. गाडी ढकलत एका टपरीसमोर लावली. चहा पिणारी सगळी माणसं उठून आली, कारण बाईची गाडी बंद पडली की विट्यात प्रत्येकजण मिस्त्री होतो. एकजण म्हणाला पाणी कमी असंल, दुसरा म्हणाला रेडिएटर चोंदलाय. इंजिन निवल्यावर झाकण उघडलं, तर पाणी थोडंसंच उतरलं होतं. ते भरलं. शेजारच्या दुकानातून रेडिएटरचं नवं झाकण आणून बसवलं.

"पंखा बगा की फिरतुया का," चहावाले मामा म्हणाले.

गाडी चालू केली. वडिलांनी मूळचा पंखा काढून विजेवरचा बसवून घेतला होता. इंजिन तापल्यावर तो घरघरत सुरू झाला. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. चांगला जोरात फिरत होता.

"मग पंख्याचं न्हाई," मामांनी निकाल दिला आणि सगळे पुन्हा चहाकडे वळले.

मायणीपर्यंत रस्ता मोकळा होता. ऊस आणि द्राक्षबागा मागे राहिल्या. ज्वारीची पिवळी पडलेली रानं, मधूनच एखादं बाभळीचं झाड, आणि काटा जागच्या जागी. मला मात्र आता वेगळीच धास्ती लागली. चालती गाडी तापत नव्हती, पण मिरवणुकीत गाडी चालते कुठे? प्रत्येक दारात थांबणार. साठ-सत्तर दारं तरी असतील. सुरेशला फोन करून सांगितलं.

"मग ऱ्हाऊ दे की ताई," तो म्हणाला. "मिरवणूक नसली तरी चालंल मला."

त्याच्या आवाजात निराशा नव्हती, आणि तेच मला खटकलं. पण विचार करायला वेळ नव्हता.

वडूजला बाजारात शिरताच काटा पुन्हा चढला. विचारत विचारत हणमंत मिस्त्रींचं गॅरेज गाठलं. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी मलाच तपासायला घेतलं.

"चालताना तापती का थांबल्यावं?"

"थांबल्यावर."

"नुकतं काय काम केलंय गाडीचं?"

"रंगवली. पुढची जाळी आणि रेडिएटर काढला होता."

ते "हं" म्हणाले. गाडी चालू ठेवायला सांगून पंखा सुरू होण्याची वाट बघत उभे राहिले. मी सांगितलं, पंखा फिरतोय, विट्यात सगळ्यांनी पाहिलंय. त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडला आणि पुढच्या जाळीसमोर धरला. तुकडा त्यांच्या हातातून सुटला आणि उडून माझ्या साडीवर येऊन पडला.

"ह्यो कागद जाळीला चिकटाया पायजे," ते म्हणाले. "पंख्यानं म्होरनं वारं आत ओढायचं असतंय. तुमचा भाईर ढकलतुया. रंगवणाऱ्यानं दोन वायरी उलट्यासुलट्या जोडल्यात. पळताना वारं आपसूक आत येतंय, म्हणून भागतंय."

दोन मिनिटांत त्यांनी वायरींची अदलाबदल केली. पुन्हा कागद धरला, तो जाळीला घट्ट चिकटला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. लगेच निघाले, तर त्यांनी किल्लीच काढून घेतली.

"अर्धा तास उभी चालवून बगायची. माझ्याकडची गाडी मिरवणुकीत तापली म्हंजी माझं नाव गेलं. तवर जेवा."

बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा म्हाद्या (दाण्याच्या कुटाचं दाटसर कालवण) आणि कांदा. जेवण फार छान होतं, असं म्हणायला हवं. मी मात्र प्रत्येक घासाला उठून काटा बघत होते. शेवटी मिस्त्री म्हणाले, "ताई, काटा पळून जात न्हाई." अर्धा तास झाला, काटा मध्येच होता.

साडेतीनला वेशीवर पोचले. वडूजच्या हणमंत मिस्त्रींनी गाडी कशी नीट केली, ते भेटेल त्याला सांगितलं. आईला नवी साडी नेसवून खुर्चीत बसवलं होतं. तिला हाताला धरून पुढे, माझ्या शेजारी बसवलं. मागे सुरेश उभा राहिला, गळ्यात हार, अंगावर गुलाल. हलगी कडाडली. पहिलं दार, दुसरं, दहावं. मी गावाकडे पाहिलंच नाही, माझी नजर काट्यावर. तो तसूभरही हलला नाही आणि मी मनात हणमंत मिस्त्रींना ओवाळत होते.

मारुतीच्या पारापाशी वळलो, तेव्हा सुरेश माझ्या कानाशी वाकला.

"ताई, गाडी तापली म्हण. हितंच बंद पाड."

"का रं? मस्त चाललीया."

"म्होरं संपतचं घर हाय."

आता मला आठवलं. संपत आणि सुरेश एकाच दिवशी भरती झाले होते. घाटात फौजेची गाडी दरीत गेली, त्यात संपत गेला. त्याला अकरा वर्षं झाली. गाव विसरलं होतं, मीही विसरले होते. त्याची आई विधवा, ती ओवाळायला दारात येणार नव्हती. तिच्या घराचा दरवाजा अर्धा लोटलेला होता.

"तिच्या दारावनं वाजवत कसा जाऊ गं?" सुरेश म्हणाला. 

मी किल्ली फिरवली. गाडी बंद.

"गाडी तापली! हलगी थांबवा, थोडा दम खाऊ द्या!" मी ओरडले.

आमचे चुलते, तात्या, कळशी घेऊन धावत आले. बॉनेट उघडू लागले, तशी मी पुढे जाऊन त्यावर चक्क बसले. "हात भाजंल तात्या, अजिबात उघडू नका." बॉनेट कोमट होतं. आईने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर सावरून समोर बघत बसली.

सुरेशने हार काढून सीटवर ठेवला, गुलाल झटकला आणि वाकून त्या घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत गुळाचा खडा होता. तो तोंडात टाकून म्हणाला, "चल आता."

दुसऱ्या दिवशी परत निघाले. रस्ता तोच होता, मला घाई नव्हती. आदला दिवसभर मी त्याला मिरवणुकीपर्यंत पोचवायला धडपडत होते आणि त्याला त्यातून वीस मिनिटं हवी होती, हे मला फोनवरच कळायला हवं होतं. माझं मलाच वाईट वाटत राहिलं.

वडूजला मिस्त्रींचे आभार मानायला थांबले. ते मान वर करेनात.

"सकाळधरनं चार जणांनी सांगितलं ताई, भर मिरवणुकीत तापली म्हणं. माझं काय चुकलं ते दावा."

मी सगळं सांगितलं. माझ्या खोट्याने त्यांचं नाव खराब झालं होतं, म्हणून गावात फोन करून खरं काय ते सांगते, असंही म्हणाले. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"नगा सांगू," ते म्हणाले. "कुणी इचारलं तर मी बी सांगंन, तापली हुती म्हणून."