ढोलकी थांबली तवा

तवा घरात आमी पाच जन होतो. मी, माहा पोरगा, सून, चार वर्साची नात अन् माहा देर, जो विहारात ढोलकी वाजवते. नातीले जन्मापासून आयकू येत नोतं. नागपूरले आपरेशन झालं. एक मशीन डोक्यात बसवली, एक कानामांगं. आमाले वाटलं, आता पोरगी बोलन.

बोलली नाई.

यवतमाळले तिले बोलाचं शिकवणाऱ्या बाई म्हणे, "आजी, मशीन निसता आवाज आत टाकते. तो कायचा हाये, हे मेंदूले शिका लागते. वाजवणारे गोंगाटातबी ठेका धरतात ना? त्याइच्या मेंदूले सवय असते. हिलेबी तशी सवय पाडा. वय निंगून गेलं त कठीण हाये."

पोराले वाटलं, मोठा आवाज लवकर शिरन. जयंतीले त्यानं तिले डीजेच्या डब्ब्यापाशी बसवलं. पोरीनं कानामांगची मशीन उपटून फेकली. मंग मशीन दिसली का वरडे. सून रडे. माही दोन लेकरं गेली तवापासून मले रडू येत नाई. मी वावरात धसकटं वेचाले गेली.

संध्याकाळी देर म्हणे, "वयनी, मले काय पयल्याच दिवशी मांडवात बसवलं होतं? उस्तादानं किती दिवस निसते मांडीवर हात मारू देल्ले. मंग ढोलकी देल्ली."

त्यानं पोरीचा हात ढोलकीवर ठेवला. मशीन नाई. एक थाप मारे, थांबे. रोज. मंग पोरगी मशीन लावू द्याले लागली, त मशीन लावून, हळू.

मी म्हणलं, "वाजव बाप्पा. पोरगी नाई त बकरी तरी शिकन."

"शिकू दे. दोघीइले विहारात नेतो."

एक दिवस पोरगी पाठ करून कापसाची बोंडं घेऊन खेळून राह्यलती. हात ढोलकीवर नोता. देर वाजवून राह्यलता, मंधातच थांबला. पोरीनं मान वळवली. काहून थांबला, असं पाह्यलं. तो पुना वाजवाले लागला, त तिनं मांडीवर हात मारला. ठेक्यात.

सून दारातच खाली बसली. मी चुलीत लाकूड सारलं.

आता रस्त्यानं ट्रक जात असला तरी ढोलकी थांबलेली तिले समजते. माह्या हाकेले अजून वळत नाई. 'आजी' म्हणत नाई. मी रोज तिच्याजवळ बसून एकच गाणं म्हणते.

वाचणाऱ्याले येवढंच मांगते: तुमच्या घरी असं लेकरू असन त त्याच्याजवळ बसा. हळू वाजवा. अन् मंधात थांबा.