प्रज्ञाचं वायरिंग प्रज्ञानेच केलं होतं

प्रज्ञा गेल्याचं मला कार क्लबच्या ग्रुपवर कळलं. तिच्या नवऱ्याचा, मिलिंदचा, फोन तासाभराने आला. त्याला दोष नाही, तो आयसीयूच्या बाहेर बसून होता. कामावर असतानाच तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं संपलं... पण ग्रुपवरचा तो मजकूर अजून माझ्या डोक्यातून जात नाही. क्लब चालवणाऱ्या ग्रेगने लिहिलं होतं, आपली लाडकी प्रज्ञा गेली, आणि ‘क्लबमधल्या मित्रांच्या मदतीने’ तिने उभी केलेली सुंदर हॉट रॉड आपल्या कायम लक्षात राहील. मदतीने! मैत्रीण गेल्याचं वाचून माणसाला आधी रडू यावं. मला आधी संताप आला. चार महिने झाले, तो उतरलेला नाही.

नागपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनला, आम्ही एकाच हॉस्पिटलात. ती यंत्रं दुरुस्त करायची, मी फार्मसीत. कँटीनच्या रांगेत ती फोनवर कुणाला तरी “जय भीम, बोल” म्हणाली, मी वळून बघितलं आणि ओळख झाली. शंभरेक वर्षांपूर्वीच्या गाडीचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात दणकट इंजिन बसवायचं, याला हॉट रॉड म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळलं. शहराबाहेरच्या एका शेडमध्ये तिला असा गंजका सांगाडा मिळाला. खांबांवरच्या त्यांच्या घराखाली, घामाने निथळत, चार वर्षं ती त्याच्याशी झटली. वायरिंग तिने जुन्या धाटणीचं केलं, कापडी वेष्टनाच्या तारा, मेणाच्या दोऱ्याने ओळीत बांधलेल्या. प्रत्येक तारेच्या टोकाला पांढरी नळी आणि तिच्यावर बारीक मराठी अक्षरं... चावी, हॉर्न, दिवा डावा. ग्रेगने एकदा खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, हे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. “मग शिक ना,” प्रज्ञा म्हणाली.

माझं काम एकच. “तू फक्त चावी फिरव.” ती खाली झोपलेली, मी सीटवर. एकदा आठवडाभर गाडी नुसती ‘टक्’ करून गप्प बसायची. मी स्टार्टर बदल म्हटलं, बॅटरी बदल म्हटलं. तिने मला खाली ओढलं आणि दाखवलं. करंट बॅटरीतून जातो तसा परतही यावा लागतो, आणि परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. इंजिन आणि चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांना जोडणारी जाड पट्टी उघड्या लोखंडाला घट्ट टेकलेली नसेल, तर स्टार्टरला जोर मिळत नाही. या जोडणीला वायरिंगवाले अर्थ म्हणतात, अर्थिंगमधला. “अर्थच लागत नाही, तर बाकीचं वाचून काय करते?” असं म्हणून ती इतकी हसली की हातातला पाना पडला. तोंडावर ग्रीस, केसात गंज. मला ती तशीच आठवते.

आणि आठवते ती गाड्यांच्या प्रदर्शनातली दुपार, जी मला विसरायला आवडेल. एका पाहुण्याने बॉनेटखाली बघून मिलिंदचा हात हातात घेतला, “ब्यूटिफुल वायरिंग, मेट.” मिलिंदला साधा बल्ब बदलता येत नाही. तो कसनुसा हसला आणि थँक्स म्हणाला. प्रज्ञा शेजारीच उभी होती, काळ्या नखांची. मीही हसले. परतताना तिने मिलिंदला काही विचारलं नाही, मला विचारलं, “तू काऊन हसली?” मी म्हटलं, अगं सोड ना, कशाला वाद. तेव्हा मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

ती गेल्यावर क्लबने तिच्या आठवणीत रॅली ठरवली. मिलिंदने रॅलीसाठी गाडी देऊन टाकली. ग्रेगने ती आठवडाभर स्वतःकडे ठेवून चकचकीत केली, चॅसीसुद्धा काळीभोर रंगवली. रॅलीच्या सकाळी सगळे जमले, चावी फिरली... टक्. पुन्हा टक्. ग्रेगने सगळ्यांसमोर मान हलवली. “घरगुती वायरिंग. नो वरीज, पुढच्या शनिवारी सगळं काढून नवीन लूम टाकतो.” लूम म्हणजे बाजारातला तयार तारांचा जुडगा, म्हणजे तिची एकूण एक तार कचऱ्यात. मी मिलिंदला बाजूला ओढलं. तो म्हणाला, “जाऊ दे गं. चांगल्या मनाने करतायत ते.” मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की पलीकडचे दोघे-तिघे वळून बघायला लागले.

शनिवारी ग्रेग यायच्या आधीच मी मिलिंदच्या घराखाली, ओढून परत आणलेल्या गाडीपाशी जाऊन बसले होते, प्रज्ञाचा मीटर आणि तिने जोडून ठेवलेली लांब वायर घेऊन. तो आल्यावर म्हटलं, दहा मिनिटं दे. मीटरचं एक टोक डिकीतल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाला. मिलिंदला म्हटलं, तू फक्त चावी फिरव. आकडा शून्याजवळ राहायला हवा होता, आठ व्होल्टवर गेला, म्हणजे परतीची वाट कुठेतरी अडली होती. मग जंपर लीडची जाड तार चॅसीच्या एका उघड्या बोल्टला लावली, दुसरं टोक इंजिनाला, आणि मिलिंदने पुन्हा चावी फिरवली. गाडी अशी गरजली की वरच्या मजल्यावरची भांडी वाजली. मी ती जाड पट्टी सोडवली. तिच्याखाली ग्रेगचा काळाभोर रंग होता, मस्त दोन हात दिलेला. ज्याने अर्थ बुजवला तोच माझ्या मैत्रिणीचं काम काढून फेकायला निघाला होता! मी हे त्याला तोंडावर सांगितलं. या वेळी हसले नाही.

ग्रेग लाल झाला. “फेअर इनफ,” म्हणाला. पण माघार घेईल तर तो ग्रेग कसला. पट्टीच्या टोकाची नळी बोटाने वर करून तो मिलिंदकडे वळला. “तरी पण, मेट, हे बघ. ही पट्टी मीच काढली होती. यावर काय लिहिलंय मला कसं कळणार? सरळ इंग्लिशमध्ये लिहायला काय झालं होतं तिला?”

मिलिंद सीटवरून उतरला. गेले सहा आठवडे तो सगळ्यांना फक्त थँक्स म्हणत होता. त्याने ती नळी ग्रेगच्या हातातून काढून घेतली, अंगठ्याने पुसली, अक्षरांवर बोट ठेवलं.

“इट सेज अर्थ.”

“हां, पण इंग्लिशमध्ये...”

“इट इज इंग्लिश, मेट.”

लूमचं खोकं ग्रेगने उघडलंच नव्हतं, ते तसंच उचलून ट्रकमध्ये ठेवलं. मी पट्टीखालचा रंग घासून काढला. जाताना तो म्हणाला, घासलेल्या जागी रंगाचा एक हात मारून देतो, उघडं लोखंड बरं नाही दिसत. मिलिंद नको म्हणाला. तेवढा नाण्याएवढा तुकडा आता उघडाच आहे. पावसाळ्यात इथे लोखंड लगेच गंजतं, म्हणून दर रविवारी आम्ही दोघं पट्टी सोडवून तो घासतो. प्रज्ञा असताना आमच्यापैकी एकानेही तिच्यासाठी एवढं तोंड उघडलं नव्हतं, हे घासताना कुणी बोलत नाही.