ओली कोथिंबीर

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढं बसते तेव्हाही नाही — तिथं मी दुसऱ्याच चुकांची माफी मागते, लहानसहान, परवडणाऱ्या. आज तुम्हाला सांगतेय ते माया आहे म्हणून नव्हे. खरं सांगू? तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांचा मला मनापासून राग आहे.

का नसावा? पडेगावला माझं किराणा-भाजीचं दुकान. तुम्ही येता, दुधाची पिशवी तळातून उपसता, दह्याच्या डब्यावरची तारीख चष्मा वर करून वाचता, भेंडीची शेपटं मोडून बघता. फार हुशार! आणि कोथिंबिरीची जुडी ओलीचिंब दिसली की काही न विचारता पिशवीत. ओली म्हणजे ताजी — हे कुणी सांगितलं हो तुम्हाला? ते पाणी कुठलं, हा प्रश्न एकानंही मला कधी विचारला नाही. विचारला असता तर — नाही, विचारला असता तरी मी खोटंच बोलले असते.

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट; तेव्हा दौलताबाद रोडच्या अंगानं शहर नुसतं सुटलं होतं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर घरं उभी राहिली, आणि पावसानं मात्र सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. नळ कोरडे. टँकर दोन तऱ्हेचे यायचे — एक पिण्याच्या पाण्याचा, एक बांधकामाचा. बांधकामाचा कुठून भरून आणतात ते विचारायची पद्धत नव्हती. त्या पाण्याला वास यायचा.

मंडईतून टेम्पो माल आणायचा. कोथिंबीर पोत्यात दाबून भरलेली, आदल्या दिवशीची, हात घातला तर आतून गरम. दुकानात उतरेपर्यंत तिनं मान टाकलेली असायची. तिला उभं करायचं तर पाणी हवं. आणि पिण्याचं पाणी मी भाजीवर घालणार होते का? घरात आंघोळीला बादली वाटून घेत होतो आम्ही. मागच्या बोळात निळं पिंप होतं, बांधकामाच्या टँकरमधून भरलेलं. तेच शिंपडायचे. त्यातच गोणपाट भिजवून जुड्यांवर टाकायचे. वर शेवाळ धरलं की हातानं बाजूला सारायचे. धंद्यात सगळेच करतात, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे.

रस्त्यापलीकडं द्वारकाबाई बसायची. जवळच्या एका खेड्यातली, बौद्ध, स्वतःच्या तुकड्यात पिकवून आणायची. तोंडाची फटकळ. जुडी उचलून परत ठेवली की म्हणायची, "घ्यायची नाय तं हात कशाला लावू राह्यले?" तरी कॉलनीतल्या बायका माझं दुकान ओलांडून तिच्याकडं जायच्या. मला ते सलायचं. सलायचं कसलं — मी जळायचे.

मग एका आठवड्यात कॉलनीतली चार-पाच घरं आजारी पडली. उलट्या, जुलाब. कुलकर्णींच्या सुनेला सातवा महिना होता, तिला दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. सगळ्यांच्या पोटात गेली होती ती एकच गोष्ट, कच्च्या कोथिंबिरीची चटणी; जुड्या कधी माझ्याकडून, कधी पलीकडून नेलेल्या. संध्याकाळी माणसं माझ्या दुकानापुढं जमली.

"वहिनी, ही कोथिंबीर येते कुठून?" कुलकर्णींनी विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढं पिंप आलं. पुढं सिद्ध काहीच झालं नाही — दोष आणखी कशाचा असेल, कुणी सांगावं? ही पळवाट मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. घ्या, तीही देऊन टाकते. त्या घटकेला माझ्या मनात दुसरं काहीही आलं नव्हतं, पिंपच आलं होतं.

आणि मी रस्त्यापलीकडं बोट केलं. म्हटलं, "आमची धुतलेली असते. तिची बघा की, मातीनं भरलेली. त्यांच्याकडं पाणी कसलं असतं, आपल्याला काय माहीत?"

'त्यांच्याकडं' म्हणताना मी जराशी थांबले. मुद्दाम. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि कारकुनी — कुठल्या शब्दावर थांबायचं ते आम्हाला शिकवावं लागत नाही. ऐकणाऱ्यांनाही फोड करून सांगावं लागलं नाही.

द्वारकाबाई ताडकन उठली. "प्यायला पाणी नाय तं भाजी कशानं धुवू? वावरातली माती हाय ती!"

खरं होतं. तिच्या जुडीला पाणी लागलेलंच नव्हतं; उपटली तशी बांधून आणलेली. ती जुडी घरी निवडून, स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळली असती तर माती निघून गेली असती. तिनं माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमी सांगा ना यांना. तुमाला तं कळतंय." मला कळत होतं. मी फडकं घेतलं आणि वजनकाटा पुसत बसले.

कुणीतरी तिचं गोणपाट ओढलं. जुड्या रस्त्यावर पसरल्या. उद्यापासून इथं दिसायचं नाही, असं तिला बजावण्यात आलं. ती शिव्या देत गेली, आणि लोकांना तेच हवं होतं — बघा, तोंड कसं आहे!

इथवरच्याला भित्रेपणा म्हणून तुम्ही मला सोडूनही द्याल. सोडू नका. माणसं पांगल्यावर मी ती कोथिंबीर गोळा केली. तुडवलेली टाकली, बाकी सगळी उचलली. पिंपात बुचकळली — हो, त्याच पिंपात, कुलकर्णींची सून दवाखान्यात पडलेली असताना — आणि सकाळी पुढच्या क्रेटमध्ये लावली. आदल्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं ओरडलेल्या काकू दोन जुड्या घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तुझी कशी स्वच्छ असते बघ."

सून बरी झाली, बाळही नीट झालं. त्यात माझं काही पुण्य नाही.

काही वर्षांनी मी छावणीच्या बाजारात गेले होते. पाऊसपाणी सावरलं होतं. एका ढिगातली जुडी उचलली आणि वर बघितलं, तर द्वारकाबाई. केस पिकलेले, नजर तीच. तिनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि परत ढिगावर ठेवली.

"तुमाला नाय द्यायची."

शेजारी एक बाई वांगी निवडत होती, माझी ओळख ना पाळख. ती मला म्हणाली, "काय माज आहे बघा या लोकांना!"

द्वारकाबाई माझ्याकडं बघत होती. मी काय बोलते याचीच वाट बघत होती.

मी म्हटलं, "हो ना."