केंजीचं ओलं सामान

आधीच सांगून टाकते, असले अनुभव वाचताना गालातल्या गालात हसणाऱ्यांपैकी मी आहे. वडील सांगलीला शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात पाल चुकचुकली तरी 'सत्य आहे' म्हणायची सोय नव्हती, आधी पालीच्या घशाची रचना ऐकावी लागायची. त्यामुळे हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सरळ पान उलटलं असतं.

जपानी शिकायला म्हणून जपानला आले आणि नवराही जपानीच केला. केंजी आइस हॉकी खेळायचा. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, जपानमध्येही फारसं कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हा इथल्या टीम कंपन्यांच्या असत. खेळाडू सकाळी ऑफिसात कागदांवर शिक्के मारायचे आणि दुपारी बर्फावर उतरायचे. केंजी डिफेन्सला, पण राखीव. एखादा जायबंदी झाला तर हाताशी असावा म्हणून टीम त्याला घ्यायची, आणि जायबंदी बरा झाला की सोडून द्यायची. मग दुसरी टीम, दुसरं गाव. होक्काइदोत दोन, उत्तर होन्शूत एक, शेवटी तोक्योजवळ... विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा आमचा संसार.

या सगळ्यात माझ्याकडे एकच काम होतं – सामान वाळवायचं. हॉकीचं सामान घामाने चिंब होतं, तसंच ठेवलं तर कुजतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी आपल्या सवयीने सगळं गॅलरीत उन्हात टाकलं. आमच्याकडे गाद्या, डाळी, लोणच्याच्या बरण्या, कशालाही ऊन दाखवतात. संध्याकाळी बघते तर ग्लोव्ह्जच्या तळव्याचं चामडं पापडासारखं कडक! केंजी रागावला नाही. तो कधीच रागवत नाही, हीच तर कटकट आहे. फक्त म्हणाला, सावलीत वाळवायचं असतं. तेव्हापासून बाथरूममध्ये दोरी बांधून, खिडकी किलकिली ठेवून वाळवायला शिकले.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा मंदीने भल्याभल्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं. केंजीची टीम बंद झाली. कंपनीने नोकरी ठेवली, तेवढे उपकार. आम्ही ग्योतोकुला भाड्याने राहायला आलो आणि केंजी तोझाई लाइनच्या मेट्रोने रोज ऑफिसला जाऊ लागला, आता पूर्ण दिवस. सामान मी नीट वाळवून बॅगेत भरलं आणि बॅग ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, गाद्यांशेजारी ठेवली. टाकून देऊ नकोस, असं त्याने बजावलं होतं. होक्काइदोचे त्याचे जुने कोच म्हणाले होते, वसंतात बघू, एखादा अनुभवी माणूस लागेल.

त्या एका 'बघू'वर माझा छत्तिशीतला नवरा तग धरून होता. दुखऱ्या गुडघ्याने नदीकाठी पळायला जायचा. ते 'बघू' म्हणजे आपल्याकडचं 'या एकदा जेवायला' आहे, हे मला कळत होतं. पण बोलून दाखवायची हिंमत होत नव्हती.

जानेवारीतला रविवार होता. केंजी पळायला गेला होता. गाद्या उन्हात घालाव्यात म्हणून मी कपाट उघडलं आणि तो वास आला. हॉकीवाल्याच्या घरात राहिलेल्या बाईला तो वास झोपेतही ओळखता येतो. बॅग उघडली. ग्लोव्ह्ज ओले – दमट नाही, पिळले तर पाणी निघेल इतके ओले. आत हात घातला तर कोमट... नुकतेच कुणीतरी हातातून काढले असावेत तसे. आतला शर्ट, पायांचे पॅड, सगळं भिजलेलं. शेजारची गादी मात्र खडखडीत कोरडी.

मी वडिलांची मुलगी. पाइप तपासला, छत बघितलं, भिंतीवरून हात फिरवला. इकडचा जानेवारी इतका कोरडा असतो की ओठ फुटतात. काहीच सापडलं नाही, तेव्हा जे येत होतं ते केलं. सगळं वाळवलं आणि केंजी परत यायच्या आत गुपचूप भरून ठेवलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. आठवड्यात मधे कधी उघडून बघितलं तर कोरडं. लीगच्या मॅच शनिवार-रविवारी असायच्या, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. आणि केंजी? तो शनिवारभर माझ्या समोर होता, करी-भात खात होता, टीव्ही बघत होता. शपथेवर सांगते.

त्याला सांगितलं नाही, कारण त्याला तो कौल वाटला असता. मला त्या ओल्या ग्लोव्ह्जपेक्षा त्याच्या आशेचीच जास्त भीती वाटत होती.

पण एका रविवारी गुडघ्याने दगा दिला आणि तो अर्ध्या वाटेतून परत आला. बाथरूममध्ये सामान टपकत होतं. धुतलंस का, त्याने विचारलं. मग मात्र मी सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही. ग्लोव्हमध्ये हात घालून बघितला, आणि तसाच जाऊन त्याने कोचना फोन लावला.

त्यांच्यात असा फोन खेळाडूने करायचा नसतो. बोलावणं येईपर्यंत गप्प थांबायचं असतं. इतक्या वर्षांत केंजीने ती रीत कधी मोडली नव्हती. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, केंजी 'हाइ, हाइ', म्हणजे 'हो, हो', म्हणत फोनपुढे वाकत होता, दर वेळी थोडा जास्तच. शेवटी फोन ठेवून म्हणाला, कठीण आहे म्हणतात. जपानीत 'कठीण आहे' म्हणजे नाही.

परत बाथरूममध्ये येऊन तो टबच्या कडेवर बसला. ओला शर्ट नाकाशी धरला.

"मेधा, हा घाम माझाच आहे. वास माझाच आहे."

मी खिडकी आणखी थोडी उघडली.

"पण मी कधी इतका भिजलो नाही. मला इतकं कुणी खेळवलंच नाही."

तो रडला नाही. रडले ती मीच, आणि कोचला, कंपनीला, त्या बर्फालाही मनात शिव्या घातल्या.

त्यानंतर त्याने पळणं सोडलं. मोठ्या कचऱ्याची गाडी फोन करून बोलवावी लागते, तो फोनही त्यानेच केला. सोमवार मिळाला. आदल्या दिवशी दुपारी मी सगळं कोरडं असल्याचं बघून बॅग बंद केली, कचऱ्याच्या शुल्काची चिठ्ठी चिकटवली आणि दाराशी ठेवली. सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी ती उचलली...

जड होती. खालचं कापड माझ्या हाताला ओलं लागलं, आणि कोमट. मी केंजीकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं.

"नको नेऊया आज. वाळवते मी."

"गाडी येईल," तो म्हणाला.

खाली कोपऱ्यावर ठेवून आलो. गाडी वेळेवर आली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. भूत म्हणावं तर ज्याचा घाम तो माणूस धडधाकट आहे, आत्ता शेजारच्या खोलीत पेपर वाचतोय. या विषयावर आम्ही परत कधी बोललो नाही. मला रुखरुख एकाच गोष्टीची लागून राहिली आहे. कुणीतरी पूर्ण मॅच खेळून आलं होतं, आणि आम्ही त्याचं सामान ओलंच टाकून दिलं.