सात पांघरुणांखाली

चुस्त शहराजवळच्या त्या गावात परसदाराला अडसर लावणारं घर एकच होतं, मुहय्योचं. बाकीच्यांची परसदारं दिवसभर सताड उघडी. कोंबड्या, पोरं, पीठ उसनं मागायला येणाऱ्या शेजारणी, सगळ्यांची ये-जा तिथूनच चाले.

"चोराला लोक पुढचं दार लावतात," शेजारची हुर्शिदा म्हणायची, "आमची मुहय्यो पाण्याला मागचं दार लावते."

मुहय्यो हसून सोडून द्यायची, पण अडसर काढायची नाही. दोन उन्हाळ्यांमागे खालच्या आळीतलं चार वर्षांचं पोर पाटात बुडून गेलं होतं. ती भेटायला गेली तेव्हा त्या पोराच्या आईच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्याच होत्या आणि त्या बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं. घरी आल्यावर मुहय्योनं सुताराला बोलावलं.

पाट तिच्याही परसातून जायचा, जर्दाळूच्या झाडांखालून. एरवी त्यात पोटरीएवढं पाणी असे. पण गावाच्या पाण्याची पाळी आली, की पाटकरी तुर्सुनबोय पाणी अडवणारी वरची फळी उचलायचा आणि तेच पाणी छातीएवढं होऊन धावत सुटायचं. म्हणून फळी उचलण्याआधी तो सायकलवरून गल्लीभर ओरडत जाई, "पाणी येतंय, पोरं बाहेर काढा!"

उन्हाळ्याचे ते सगळ्यात कडक चाळीस दिवस चालू होते. तिचा नवरा शुहरत दूर परदेशात, कझानला बांधकामावर होता. घरात तीनच माणसं आणि एक बाळ: मुहय्यो, सासू बशोरत, सहा वर्षांची सानोबर आणि सात महिन्यांचा ओयबेक. ओयबेक दिवसाचा पाळण्यात असायचा. हात-पाय रुंद पट्ट्यांनी बांधलेले, ढुंगणाखाली लाकडात भोक, भोकाखाली मातीचं गाडगं, आणि आडव्या दांडीवरून थेट जमिनीपर्यंत सोडलेली सात पांघरुणं. उन्हाळ्यात मुहय्यो ती पातळ घ्यायची, पण सातच घ्यायची.

"आई, ओयबेकला उकडत नाही?" त्या सकाळी सानोबरनं विचारलं.

"बाळांना उकडत नाही. माश्या चावतात. चल, वाट सोड."

तेवढ्यात सासूबाई बाजारातून तीन लांबोडी खरबुजं घेऊन आल्या. त्यांनी ती परसात नेली आणि पाटाच्या कडेला दगडांच्या खळग्यात, वाहत्या पाण्यात ठेवून दिली. सानोबर मागे मागे गेली होतीच.

"उन्हानं घामाघूम झालीत बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "गार होऊ देत. तासाभरात बघ कशी टवटवीत होतात."

दुपारच्या आधी मुहय्योनं अडसर काढला आणि ती परसातल्या तंदूरवर रोट्या लावायला गेली. तंदूरमध्ये कमरेपर्यंत वाकावं लागतं. डोकं आत, जाड बाह्या आत, कानात जाळाचा आवाज. वीस रोट्या लावून, भाजून, काढून ती घामानं निथळत, मान खाली घालून घरात आली. रोट्या फडक्यात गुंडाळल्या आणि नेहमीसारखा अडसर घातला. सानोबर दिसली नाही. सासूबाई हुर्शिदाकडे तिच्या मुलीला मागणी घालायला आलेल्या बायकांत बसायला गेल्या होत्या, तेव्हा पोरही आजीबरोबर गेली असणार. जिथे मिठाई-खडीसाखर, तिथे सानोबर.

पडवीत सावली होती. मुहय्यो पाळण्याशेजारी बसली, टोपीचं काम मांडीवर घेतलं. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं बदाम भरायचे. एका पायानं पाळणा हलवत राहिली. पाळणा हलका डुलत होता, आतून हूं नाही की चूं नाही. किती दिवसांनी असं शांत झोपलंय पोर, असं वाटून तिनं तिसरा बदाम घेतला.

शुहरतचा फोन आला. पडद्यावर त्याचं उन्हानं काळवंडलेलं तोंड.

"ओयबेक कुठाय? दाखव ना जरा."

"झोपलाय. पांघरूण काढलं की उठेल."

"एक कोपरा उचल. पाय तरी दाखव."

"बांधलेत पाय. तुम्ही यायचं सोडून पाय कसले बघताय? रविवारी दाखवेन."

तो हसला. फोन ठेवला. दूरवरून तुर्सुनबोयची हाक ऐकू आली, पाणी येतंय, पोरं बाहेर काढा. मुहय्योनं मान वर करून परसदाराकडे पाहिलं. अडसर जागेवर होता. तिला बरं वाटलं. दर पाळीला याच हाकेला गल्लीतल्या बायका धावत सुटतात आणि आपण बसून राहू शकतो, याचं तिला थोडं कौतुकही वाटलं.

मग परसाच्या दारावर काहीतरी आपटलं. धप्. थोड्या वेळानं पुन्हा दोनदा. जर्दाळू पडत असतील, नाहीतर हुर्शिदाची शेळी. पोर उठेल म्हणून तिनं पाळणा जरा जोरात हलवला.

पाचव्या बदामाला दोरा संपला. नवा ओवण्याआधी तिनं पांघरुणांची खालची कड उचलून गाडगं बघितलं.

गाडगं कोरडं होतं. दीड तास झोपलेलं सात महिन्यांचं पोर आणि गाडगं कोरडं.

तिनं पांघरुणांखाली हात घातला. पोटाची पट्टी लागली, नीट घट्ट बांधलेली. पट्टीखाली हात गेला आणि तिथंच थांबला. थंडगार होतं. ओलसर, कडक, आणि थंडगार.

मुहय्यो ओरडली नाही. ओरडण्यासाठी आधी काय झालंय ते कळावं लागतं. हात तसाच ठेवून ती बसून राहिली, सुई दुसऱ्या हातात उभी धरलेली. आपण पोराला मारलं, एवढंच मनात आलं. उकडून मारलं. आपण म्हणालो बाळांना उकडत नाही. मग तिनं सातही पांघरुणं एकदम ओढली.

पाळण्यात खरबूज होतं.

त्याला ओयबेकचं टोपडं घातलं होतं, बंद हनुवटी असावी तिथे बांधलेला. दोन्ही पट्ट्या तिच्याच पद्धतीनं आडव्या घेतलेल्या. शेजारी खुळखुळा ठेवलेला. मुहय्यो त्याच्याकडे बघत राहिली, कारण डोकं पुढे जाईना. ते न रडणारं, पिवळं, टोपडं घातलेलं पोर तिनं तासभर हलवलं होतं.

मग पाण्याचा आवाज तिच्या कानात शिरला. तो केव्हाचाच येत होता.

अडसर निघेना. लाकूड खाचेत रुतलं होतं. तिनंच रुतवलं होतं. दार उघडलं तर पाट काठोकाठ. गढूळ पाणी, त्यावर जर्दाळूची पानं आणि फेस, सगळं भिंतीखालच्या मोरीकडे पळत होतं. खरबुजांचा खळगा दिसत नव्हता. दगड दिसत नव्हते. फक्त काठावर सानोबरची एक सपात होती.

मुहय्यो पाण्यात उतरली. छातीपर्यंत पाणी, पाय टिकेनात. वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपत ती मोरीकडे सरकत होती. हाताला मुळं लागली, एक फुटकी बाटली लागली, कापडासारखं काहीतरी लागलं आणि ते पोतं निघालं. मोरीच्या जाळीशी एक खरबूज अडकून गरगर फिरत होतं. त्यामागे काय अडकलंय ते बघायला ती खाली वाकली, आणि बघायचं धाडस होईना म्हणून तशीच थांबली.

"आई, तू कशाला भिजतेस?"

आवाज मागून आला होता. तंदूरच्या मागे, भिंतीच्या सावलीत, सानोबर बसली होती. केस ओले, झगा ओला, एक पाय अनवाणी. मांडीवर ओयबेक, उघडानागडा, चक्क झोपलेला. ओठ जरा निळसर, पोट वरखाली होत होतं.

मुहय्यो काठावर कशी आली ते तिला कधीच आठवलं नाही. तिनं पोराच्या छातीवर कान ठेवला, तोंडात बोट घातलं, पाय दाबले. ओयबेक चिडून रडला. ते रडणं ऐकून तिला वाचा फुटली.

"काय केलंस तू? काय केलंस हे?"

"त्याला उकडत होतं. पाठ ओली झाली होती, मी हात लावून बघितलं. म्हणून खरबुजांशेजारी गार करायला ठेवलं. मी धरूनच होते, आई. सोडलं नाही."

"आणि पाणी आलं तेव्हा?"

"तुर्सुनकाका ओरडले ना, पोरं बाहेर काढा. मग काढलं." सानोबरचा ओठ थरथरायला लागला. "दार वाजवलं, पण तू उघडलंच नाहीस. आणि आई, दोन खरबुजं वाहून गेली. ओयबेकला धरलं होतं, मग हात उरले नाहीत. आजी रागवेल?"

मुहय्यो ओल्या मातीत फतकल मारून बसली, दोन्ही पोरांना एकाच मिठीत कोंबून. सानोबर आत कुठूनतरी म्हणाली, "आई, दुखतंय."

सासूबाई आल्या तेव्हा पडवीत पांघरुणं विखुरलेली, पाळण्यात टोपडं घातलेलं खरबूज, आणि सून पोरांना कोरडं करत असलेली. मुहय्योनं एका दमात सगळं सांगितलं. सासूबाई पाळण्याच्या दांडीला धरून खाली टेकल्या.

"खरबूज कुणी बांधलं?"

"मी," सानोबर म्हणाली. "तू म्हणालीस ना, रिकामा पाळणा हलवला की बाळाला वाईट होतं. मी बाहुली हलवत होते तेव्हा मारलंस पण. आई तर हलवणारच होती. म्हणून आधी खरबूज आणलं, मग ओयबेकला काढलं."

मुहय्योला आता ते नवं भय लागलं. तिनं वळून सासूकडे पाहिलं.

"आई, तासभर हलवलाय मी. रिकामा."

"रिकामा कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "पोरीनं भरला होता की. खरबूज काय कमी वजनाचं असतं?" आणि त्यांनी नातीला जवळ ओढून तिच्या ओल्या डोक्यावर तोंड ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही.

संध्याकाळी तेच खरबूज कापलं. पहिली फोड सानोबरला मिळाली. मुहय्योनं आपली फोड तशीच ताटलीत ठेवली. ओयबेक पुन्हा पाळण्यात होता, दोनच पांघरुणं, तीही बाजूला सारलेली, आणि तिचा हात त्याच्या पोटावर होता. परसदार उघडं होतं. अडसर भिंतीला टेकवून ठेवला होता. तो लावायचा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि दर थोड्या वेळानं ती मान वळवून दाराकडे बघत होती.